पाइप, भिंत आणि धोंड्याचा जावई

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं आमच्या मराठवाड्यात मानतात. मानायला कोणाचं काही जात नाही, जीव जातो तो जावयाचा. पैठणजवळच्या माझ्या सासुरवाडीला मी धोंड्याच्या जेवणाला गेलो तो दोन पायांवर, आणि जेवण झाल्यावर मला ओसरीपर्यंत हलवायला दोन माणसं आणि एक बैल लागला. पुरणाचे धोंडे ताटात पडत होते आणि त्यांवर तुपाची धार. धार कसली, जायकवाडीचे दरवाजे उघडले होते. नको म्हणून ताटावर आडवा हात धरला तर सासूबाईंनी त्या हातावरच धोंडा वाढला. नारायणाला नाही म्हणायची सोय नसते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतरचे कित्येक दिवस मी तीच गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी शिकत होतो.

जेवणानंतर तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर रुमाल, रुमालावर दिवा, असं वाण मला मिळालं. बायको दोन दिवस माहेरीच राहणार होती. मी एकटा शहरात, उस्मानपुऱ्याला घरी परतणार होतो. तेवढ्यात सासऱ्यांनी टोपी चढवली आणि म्हणाले की धोंड्याच्या जावयाला त्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचवायचं असतं, मी येतो, उद्या एसटीनं माघारी येईन. असा रिवाज मी तरी कधी ऐकला नव्हता. पण सासरे बोलले म्हणजे झाला रिवाज.

हे सासरे म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मी त्यांना मामा म्हणतो, बायको अण्णा म्हणते, आणि गावात अजूनही लोक त्यांना पाहून हात दाखवतात, गाडी थांबवल्यासारखा. सगळ्या नोकरीत त्यांच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लू आलं नाही, की कुठं गाडीला ओरखडा उमटला नाही. हे ते दर सणाला सांगतात. अलीकडं मात्र त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि बशीत ओतलेला चहा निम्मा बशीबाहेर जायचा. ते म्हणायचे, बशीच लहान झालीय. बायकोनं मला निघताना बाजूला घेऊन बजावलं होतं, की अण्णांच्या हातात स्टेअरिंग गेलं तर माझ्याशी गाठ आहे.

ती फाटकात उभी राहून बघत होती, म्हणून पहिल्या वळणापर्यंत गाडी मीच चालवली. वळण संपलं आणि सासरे म्हणाले, जरा थांबवा. मला वाटलं लघवीला. ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आले आणि दार उघडून उभे राहिले.

"सरका तिकडं. आज तुम्ही नारायण. नारायण कधी गाडी हाणतो का?"

श्रीकृष्णानं अर्जुनाची हाणली होती, हे उत्तर मला फार उशिरा सुचलं. तोवर मी डाव्या सीटवर मांडीत अनारशांचं ताट घेऊन बसलो होतो, गाडी चालू झाली होती आणि पोटातल्या धोंड्यांनी मला आत खेचून घेतलं. मी झोपलो. साधा नाही, असा झोपलो की पैठणला गोदावरीनं पात्र बदललं असतं तरी मला सकाळच्या पेपरात कळलं असतं.

जाग आली ती आवाजानं. पत्र्याच्या पेट्यांचं दुकान जिन्यावरून खाली लोटून द्यावं तसा आवाज. मग एक धक्का, मग शांतता, मग माझ्या डोक्यावरून हळूहळू घरंगळत आलेली खसखस.

काय झालं ते सासऱ्यांनी सांगितलं. बिडकीनच्या अलीकडं पाण्याचा एक टँकर ट्रॅक्टरला ओलांडत आमच्या अंगावर आला. सासऱ्यांनी गाडी रस्त्याखाली डावीकडं काढली. तिथं एका आमराईचं दगडी कुंपण होतं, आणि कुंपणाला समांतर ते लोखंडी पाइप, शहराला जायकवाडीचं पाणी पोचवणारे, ज्यांच्यातून हत्ती अंबारीसकट जाईल असे. रस्त्याकडेला बरेच दिवस आराम करत पडलेले. त्या पाइपाच्या आणि भिंतीच्या मधे जी फट होती तिच्यात आमची गाडी शिरली आणि पुढं सिमेंटच्या ठोकळ्याला नाक लावून थांबली. टँकर निघून गेला होता. ट्रॅक्टर निघून गेला होता. शहराला पाणी मिळायच्या आधी आम्हीच त्या पाइपापाशी जाऊन पोचलो होतो.

"लागलं का कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

मला काही लागलं नव्हतं. त्यांनाही नाही. एअरबॅगसुद्धा उघडली नव्हती. ते म्हणाले, तेवढा वेग मी ठेवलाच नव्हता.

मी दार ढकललं. दार बोटभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. त्यांनी त्यांचं ढकललं, ते पाइपाला टेकलं. मागची दोन्ही दारं तशीच. दोन्ही आरसे आत दुमडून काचेला चिकटले होते. गाडी मागं डिक्की असलेली, म्हणजे मागूनही वाट नाही. समोरच्या काचेवर कोळ्यानं जाळं विणावं तशा भेगा पडल्या होत्या, इतक्या की बाहेरचं आत दिसत नव्हतं आणि आतलं बाहेर. इंजिन बंद, एसी बंद. ज्येष्ठातलं ऊन आणि उजव्या खिडकीला तापलेलं लोखंड. भाकरी तव्यावर असते तेव्हा तिला निदान उलटतात तरी.

रस्त्यापलीकडं एक चहाचं हॉटेल होतं. त्याचा मालक धावत आला आणि कुंपणाच्या भिंतीवर चढून उभा राहिला. आम्हाला त्याच्या चपला दिसत होत्या आणि त्याला आमच्या गाडीचं छत.

"कोणी मेलं का?" त्यानं वरून विचारलं.

नाही म्हटलं.

"मग घाई करू नका. काचेला हात लावायचा नाय."

त्याच्या मागून आलेल्या एका माणसानं दगड उचलला होता, काच फोडून आम्हाला ओढून काढायला. हॉटेलवाल्यानं तो दगड त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला असावा, कारण दगड पडल्याचा आवाज आला. मग त्यानं आम्हाला समजावलं. त्याच्या मेव्हण्याची गाडी अशीच अडकली होती, लोकांनी काच फोडून माणूस वाचवला आणि इन्शुरन्सवाल्यांनी काच नंतर फोडली म्हणून सगळा क्लेम लटकवला. मेव्हणा वाचला पण आजवर त्याचं तोंड उतरलेलं आहे. तेव्हा आधी कंपनीला फोन, मग फोटो, मग क्रेन. गाडी मागं ओढली की दारं आपोआप उघडतील आणि काच जशीच्या तशी राहील. तोवर आत बसून राहा, चहा मी पाठवतो.

आता कोणी म्हणेल, तुम्ही ऐकलं कसं? बाहेर जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. गाडीचा हप्ता भरणारा माणूस आणि काच यांत आधी काच, हे आपल्याकडं कोणालाही पटतं. माझ्या डाव्या खिडकीच्या वरच्या फटीतून एक हात खाली आला, त्यात चहाचा ग्लास. मी तो घेतला. तंदुरीत घातलेल्या कोंबडीला कोणी वरून चहा पाजलेला मी तरी ऐकला नाही, पण आमच्यावर ती वेळ आली.

मग मी इन्शुरन्सच्या फुकटच्या नंबरावर फोन लावला. आधी बासरी वाजली. श्रीकृष्णानं अख्खं गोकुळ नाचवलं असतं एवढी वाजली. मग एक मुलगी आली, आवाजानं बर्फाच्या गोळ्यासारखी गार. तिनं पॉलिसी विचारली, जागा विचारली, आणि विचारलं की वाहन सुरक्षित ठिकाणी उभं आहे का. मी म्हटलं, बाई, घेतल्यापासून इतक्या सुरक्षित ठिकाणी ते कधीच उभं राहिलं नव्हतं. मग तिनं विचारलं, अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं?

मी तोंड उघडलं, तर माझ्या मनगटावर सासऱ्यांचा हात पडला. एसटीचा हँडब्रेक आयुष्यभर ओढलेला हात. मी फोनवर हॅलो हॅलो केलं, आवाज येत नाही म्हटलं आणि ठेवून दिला.

सासरे माझ्याकडं बघत नव्हते. भेगाळलेल्या काचेकडं बघत होते, जणू पुढं रस्ता आहे.

"लायसन संपलंय," ते म्हणाले.

"कधी?"

"झालं असंल की. डोळ्याच्या डॉक्टरचा कागद लागतो म्हणले. त्यो देत नाय."

लायसन नसलेल्या माणसाच्या हाती गाडी होती म्हणजे क्लेम मेला, हे कळायला मला हॉटेलवाल्याच्या मेव्हण्याची गरज नव्हती. पण सासऱ्यांच्या डोक्यात क्लेम नव्हताच. ते थोड्या वेळानं, अगदी हळू, पाइपाकडं तोंड करून बोलले.

"लेकीला कळलं तर ती मला सायकलवरबी बसू द्यायची नाय. अन् गाव म्हणंल, शेवटी ह्यानंबी ठोकली. जावईबापू, गाडी तुम्हीच हाणीत व्हता, असं चालंल का?"

सासऱ्यानं जावयाला काही मागायचं नसतं. आमच्याकडं मागायचा हक्क एका बाजूला आणि द्यायची जबाबदारी दुसऱ्या बाजूला, हे लग्नाच्या मांडवातच ठरतं. त्यांनी लग्नापासून माझ्याकडं पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. आणि आज, धोंड्याच्या महिन्यात, ज्या दिवशी त्यांनी मला नारायण म्हणून पाटावर बसवलं त्याच दिवशी, ते नारायणाला खोटं बोलायला सांगत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या टोपीवर अनारशाचा एक तुकडा होता.

"चालेल की मामा," मी म्हटलं. माझंही त्यात भलं होतं, हे मी लपवत नाही.

पण गाडीतून बाहेर पडताना ड्रायव्हरच्या सीटवर मी दिसायला हवा होतो. म्हणजे जागा बदलायला हवी होती. रिकाम्या पोटाचे दोन तरणे पैलवानसुद्धा जिथं एकमेकांना ओलांडू शकले नसते तिथं धोंड्यांनी भरलेला एक जावई आणि गुडघ्यानं गेलेला एक सासरा. आधी मी मागच्या सीटवर गेलो, म्हणजे माझं डोकं आणि एक खांदा गेला, बाकीचा मी गिअरवर अडकलो. मग सासरे माझ्या पाठीवरून डावीकडं सरकले. मधेच दमले म्हणून माझ्या पाठीवरच बसून राहिले. बाहेरून हॉटेलवाल्यानं विचारलं, गाडी का हलतीय? सासरे माझ्या पाठीवरून म्हणाले की जावयाला उचकी लागलीय. शेवटी एक पाय त्यांनी ओढला, एक मी ढकलला, माझ्या सदऱ्याची दोन बटणं उडाली, हॉर्न एकदा जोरात वाजला, आणि मी स्टेअरिंगवर येऊन बसलो. तेव्हा मला कळलं की सासऱ्यांनी आपल्यासाठी भिंतीची सावली मिळवली होती आणि मला पाइपाची भट्टी.

वरून दुसरा ग्लास आला. सासऱ्यांनी हात वर करून तो घेतला.

"मघाशी हाताचे केस काळे व्हते," वरून हॉटेलवाला म्हणाला.

आत आम्ही दोघांनी एकमेकांच्या हातांकडं पाहिलं. मग तो म्हणाला, उन्हानं पिकले असतील, मला काय करायचंय. आणि दुसरी किटली आणायला गेला.

मी पुन्हा फोन लावला, पुन्हा बासरी, पुन्हा बर्फाचा गोळा, आणि सांगितलं की चालवत मी होतो. मग बायकोचा फोन आला. गावात बातमी आम्ही गाडीतून बाहेर पडायच्या आधीच पोचली होती. ती मला जे बोलली ते मी इथं लिहिलं तर कागद जळेल. पुरण खाऊन गाडी चालवायला कोणी सांगितलं होतं, झोप येत होती तर कडेला घेता येत नव्हती का, माझे वडील शेजारी बसलेत एवढी तरी अक्कल ठेवायची. मी सगळं व्हय म्हणून ऐकलं. मग तिनं फोन अण्णांना द्यायला सांगितला. फोन स्पीकरवर होता.

"अण्णा, तुम्ही ठीक आहात ना?"

"व्हय."

"बरं झालं बाई, निदान तुम्ही तरी नव्हता स्टेअरिंगवर. तुम्ही असता तर दोघंही गेला असता."

सासऱ्यांनी ग्लासातला चहा पाहिला. मग म्हणाले, व्हय बाई, बरं झालं. त्यानंतर क्रेन येईपर्यंत ते भिंतीकडं तोंड करून बसले. इतका वेळ मी दोन बाजूंनी अडकलो होतो, आता तिसऱ्या बाजूनंही अडकल्यासारखं वाटायला लागलं, आणि ती बाजू माझ्या डावीकडं टोपी घालून बसली होती.

क्रेन आली, आम्ही आत असतानाच गाडी उलटी ओढली गेली, एखाद्या बिळातून घोरपड ओढावी तशी, आणि दारं उघडली. हॉटेलवाल्यानं सगळ्या बाजूंनी फोटो काढून दिले. काच भेगांसकट शाबूत होती. लोकांनी आमच्यापेक्षा काचेकडं जास्त कौतुकानं पाहिलं.

गाडी गारखेड्याच्या एका गॅरेजात गेली. सासरे दुसऱ्या दिवशी एसटीनं परत जाणार होते, ते गेले नाहीत. इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन गाडी बघून जाईपर्यंत कामाला हात लागत नाही, आणि सर्व्हेअर काही येईना. रोज सकाळी सासरे चहा पिऊन उस्मानपुऱ्याहून गारखेड्याला जायचे आणि गॅरेजासमोरच्या बाकावर बसून गाडीकडं बघायचे. मीही जायचो, त्यांना एकटं कसं सोडणार. बायको घरी आली होती. घरात ती माझ्याशी बोलत नव्हती आणि अण्णांशी फार गोड बोलत होती. त्या गोड बोलण्यानं सासरे दिवसेंदिवस सुकत चालले होते.

गॅरेजवाला गडगडाटी माणूस होता. तो गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरला, वाकून पाहिलं आणि मला म्हणाला, साहेब, दोन्हीकडं सारखाच ओरखडा, एकाच उंचीवर, एवढी बारीक फट, ही घातली कशी तुम्ही आत? डोळे मिटले होते का?

मी हसलो. सासरे बाकावरून उठले, ओरखड्यापाशी गेले, बोटानं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपला, आणि परत येऊन बसले.

शेवटी सर्व्हेअर आला. घामानं भिजलेला रुमाल मानेवर, हातात फाइल, आणि चेहरा असा की जगातलं सगळं वाकलेलं लोखंड त्यानं पाहून झालंय. बोनेट उघडलं, रेडिएटर पाहिला, कंडेन्सर पाहिला, बंपरला पायानं जरा हलवलं, फोटो काढले. मग फाइल उघडून त्यानं मला विचारलं, चालवत तुम्हीच होता ना, काय झालं थोडक्यात सांगा.

थोडक्यात. माझ्या आयुष्यात मला हा शब्द कधी मानवला नाही. टँकर समोर आला, मी डावीकडं घेतली, एवढं म्हणालो असतो तर गाडी नवी होऊन घरी आली असती आणि हे लिहायला मी बसलोही नसतो. पण सर्व्हेअरनं कान दिला, गॅरेजवाला टेकून उभा राहिला, पंक्चरवाला टायर सोडून आला. आणि नारायणाच्या जिभेवर सरस्वती बसली.

मी सांगितलं, साहेब, पोटात धोंडे, डोळ्यांवर झापड. डुलकी लागली. हे एवढंच काय ते त्यात खरं होतं. डोळे उघडले तर समोर टँकर, डोंगराएवढा. मी किंचाळलो. दोन्ही हात स्टेअरिंगवरून सुटले. मी डोळे मिटून कुलदैवताला हाका मारल्या आणि गाडी आपली आपण, रेडकू बुजून गोठ्यात शिरावं तशी त्या फटीत जाऊन शिरली. माझं काहीच कर्तृत्व नाही साहेब, देवाची करणी.

सर्व्हेअर लिहीत होता. मागून आवाज आला.

"रेडकू?"

सासरे बाकावरून उठले होते.

"स्टेअरिंग सोडल्यावर गाडी फटीत सरळ घुसती व्हय? आडवी झाली असती अन् टँकरखाली गेली असती. साहेब, ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला, परत सोडला. भिंत वीतभर, पाइप वीतभर. मधे घातली. हे ह्यांना जमंल का? ह्यांना घरात स्कूटर लावता येत नाय."

"म्हणजे?" सर्व्हेअरनं विचारलं.

"म्हणजे मी हाणीत व्हतो."

गॅरेजात कुठंतरी कॉम्प्रेसर चालू होता तोही त्याच क्षणी बंद पडला, अशी माझी आठवण आहे. सर्व्हेअरनं पेन थांबवलं. माझ्याकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं, रुमालानं मान पुसली. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, बाबा, कॉम्प्रेसरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी समोर चहा पिऊन येतो. आल्यावर परत विचारतो. आणि खरंच रस्ता ओलांडून गेला.

आम्ही दोघं बाकावर बसलो. मी त्या फटीत अडकलो होतो तेव्हाही इतका अडकलो नव्हतो. काय म्हणणार? मामा, तोंड मिटा म्हणावं तर सासरे. बोला म्हणावं तर माझी गाडी. सासरे आपल्या हातांकडं बघत होते. हात हवेत धरलेले, एक जरा वर, एक जरा खाली.

"माझी सगळ्यात चांगली गाडी ती," ते म्हणाले. "सगळ्या नोकरीतबी तशी नाय हाणली. अन् ती तुमच्या नावावर. तीबी झोपंत."

मी त्यांच्या त्या हवेतल्या हातांकडं पाहिलं.

"मग सांगा मामा," मी म्हटलं.

सर्व्हेअर आला, त्यानं विचारलं, आणि सासऱ्यांनी सांगितलं. लायसनचंही सांगितलं. सर्व्हेअर म्हणाला, मग मला दोनच रस्ते आहेत, एक तर खोटी माहिती दिली असं लिहायचं, नाहीतर तुम्ही स्वतः क्लेम मागं घेतो म्हणून लिहून द्या. मी लिहून दिलं. इतकं थोडक्यात मी आजवर काहीच लिहिलेलं नाही. गॅरेजवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ज्या प्रेमानं खाटीक बकऱ्याच्या ठेवतो.

सासऱ्यांनी माझा फोन मागितला. बायकोला लावून दिला. ते बाजूला गेले नाहीत, तिथंच उभं राहून बोलले. गाडी मी हाणीत व्हतो, ह्यांचा काय गुन्हा नाय, ह्यांना बोलू नको. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, नाय घ्यायचो बाई आता. कुणाचीच किल्ली नाय घ्यायचो. सांगितलं ना. फोन परत देताना त्यांचा हात स्थिर होता, पण फोन माझ्या हाताच्या जरा शेजारी धरला होता. मी हात सरकवून तो घेतला.

सर्व्हेअरचं काम संपलं होतं. तो गेला नाही. फाइल काखेत मारून गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, ओरखडा न्याहाळत.

"बाबा, टँकर किती लांब होता, जेव्हा तुम्ही खाली घेतली?"

सासऱ्यांनी रस्त्यापलीकडच्या लिंबूसरबताच्या गाडीकडं बोट केलं. तेवढा. मग जरा विचार करून तिच्याही अलीकडचा विजेचा खांब दाखवला. गॅरेजवाला आला, पंक्चरवाला आला. सासऱ्यांनी हवेतलं स्टेअरिंग धरलं आणि पायानं हवेतला ब्रेक दाबून दाखवला, सोडून दाखवला. फट तेवढ्यात वीतभराची चार बोटं झाली. सर्व्हेअरनं मान हलवली, पण त्याची ती नजर मी ओळखली. माझ्याकडं लोक तसंच बघतात, मी बोलायला लागलो की.

तो माझ्याकडं वळला. "तुम्ही शेजारीच होता. तुम्ही पाहिलं?"

सासरे माझ्याकडं बघेनात. ते बोनेटवरची धूळ तळहातानं पुसू लागले. मी झोपलो होतो, हे त्यांना माहीत होतं. टँकरवाला पळून गेला होता, ट्रॅक्टरवाला पळून गेला होता. त्या डोळ्यांना त्या वेळी एक टँकर दिसला की दोन दिसून ते दोन्हींच्या मधून गेले, हे जगात कोणीच सांगू शकत नव्हतं.

"पाहिलं की," मी म्हटलं. "टक्क डोळ्यांनी पाहिलं. टँकर इतका जवळ होता साहेब, की त्या ड्रायव्हरच्या मिशीचा पीळ मोजता आला असता. आणि मामांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. भिंतीवर सरडा बसला होता, तोही उठला नाही, एवढी अलगद घातली."

सर्व्हेअर सासऱ्यांकडं बघू लागला, या वेळी वेगळ्या नजरेनं.

सासऱ्यांनी बोनेट पुसणं थांबवलं.

"मिशी नव्हती त्याला," ते म्हणाले. "दाढी व्हती."

"व्हय," मी म्हटलं. "दाढीच."